जलरंगातील कोरडे रान : महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाचा इतिहास आणि नागझिरा

सारांश :
महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाचा इतिहास प्रामुख्याने घाट, नद्या, देवालये आणि समुद्रकिनारा यांच्या चित्रांभोवती लिहिला गेला आहे. पूर्व विदर्भातील पानझडीचे कोरडे रान या इतिहासात क्वचितच येते. प्रस्तुत निबंधात नागझिरा अभयारण्य हे उदाहरण घेऊन येथील वृक्ष व प्राणी चित्रकलेत कोणत्या मार्गांनी आले, ते कोणाच्या गरजेपोटी आले आणि रान हे 'स्थळ' म्हणून चित्राचा विषय केव्हा झाले, याचा शोध घेतला आहे.

बीजसंज्ञा : जलरंग, वनस्पतिचित्रण, निसर्गचित्र, नागझिरा, व्यंकटेश माडगूळकर, पर्यावरणाचा इतिहास.

प्रस्तावना :
गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेले नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे मूळ क्षेत्र १५२.८१ चौरस किलोमीटर आहे. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची घोषणा झाली. ऐन, धावडा, तेंदू, मोह, बीजा, साग, पळस, कुलू आणि बांबू ही येथील रानाची ओळख होय. वाघ, बिबट, रानकुत्रे, अस्वल, रानगवा, सांबर, चितळ, नीलगाय आणि चौसिंगा हे येथील प्रमुख प्राणी आहेत.

हे रान वर्षभर हिरवे नसते. पावसाळ्यात दाट वाटणारे जंगल हिवाळा सरता सरता पाने टाकू लागते आणि वैशाखात त्याचे खोड, फांदी व दगड तेवढे उरतात. त्या काळात सारे जीवन पाण्याभोवती गोळा होते. झिरा म्हणजे झिरपणारे पाणी. या रानाच्या नावातच पाण्याचे मोल सांगितलेले आहे. नागझिरा वाळवंट नव्हे; तथापि उन्हाळ्याचे काही महिने येथील वनस्पती व प्राणी ज्या काटकसरीने जगतात ती कोरड्या प्रदेशाचीच रीत आहे.

असे रान चित्रकाराला आकर्षक वाटावे की नाही, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. एखादा प्रदेश चित्रात येतो तेव्हा त्याला पाहणारे डोळे, त्या डोळ्यांना पोसणारा आश्रयदाता आणि ते चित्र जपणारी संस्था या तिन्ही गोष्टी उपलब्ध असाव्या लागतात. म्हणून नागझिऱ्याच्या चित्रणाचा इतिहास हा एका अर्थाने या रानाकडे पाहण्याचा इतिहास आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :
१. कोरड्या पानझडी रानातील वनस्पती व प्राणी यांच्या चित्रणाचे ऐतिहासिक प्रवाह स्पष्ट करणे.
२. या प्रत्येक प्रवाहामागील प्रयोजन आणि त्याची मर्यादा तपासणे.
३. नागझिऱ्याच्या संदर्भात संरक्षण आणि चित्रण यांचा परस्परसंबंध मांडणे.

अभ्यासपद्धती :
निबंधासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. मुद्रित ग्रंथ, चित्रसंग्रहांची प्रकाशित माहिती आणि जलरंगाच्या तंत्राचे विवेचन यांचा आधार घेतला आहे.

१. नमुन्याचे चित्र :
नागझिऱ्यात आढळणाऱ्या अनेक वृक्षांची चित्रे नागझिऱ्याचे नाव कोणी ऐकण्यापूर्वीच तयार झाली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्याच्या प्रदेशात वनस्पतींचा अभ्यास करताना भारतीय चित्रकारांकडून त्यांची रंगीत चित्रे काढून घेतली. या चित्रांवर आधारित ग्रंथ लंडनमध्ये १७९५ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच खंडात मोह, पळस, तेंदू आणि कुलू यांची चित्रे आहेत. तेंदू व कुलू यांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही रॉक्सबर्ग यांचे संक्षिप्त नाव जोडले जाते, ते या ग्रंथामुळे.

या चित्रांची रीत ठरलेली होती. पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी एक डहाळी, तिच्यावर पाने, फूल आणि फळ, खाली फुलाचे सुटे केलेले भाग. माती नाही, आकाश नाही, शेजारचे झाड नाही आणि ऋतूही नाही. प्रत्यक्षात कुलूला फुले येतात तेव्हा त्याच्या फांद्यांवर पाने नसतात. मात्र शास्त्राच्या सोयीसाठी पाने व फुले एका कागदावर आणली जातात. अशा चित्रात वृक्ष असतो, पण रान नसते. वनस्पतिशास्त्राला जे हवे होते ते या चित्रांनी अचूक दिले. त्याची किंमत म्हणून वृक्षाला त्याच्या स्थळापासून तोडावे लागले.

महाराष्ट्रात या प्रवाहाचे महत्त्वाचे उदाहरण पुण्याजवळील दापोडीचे आहे. तेथील सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षकही झाले. त्यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात सुमारे १७० वनस्पतींची चित्रे काढली गेली. ही चित्रे आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पती उद्यानात जतन केलेली असून हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. उद्यानात वाढवलेल्या परदेशी वनस्पतींचेही चित्रण त्यात असल्याने पश्चिम महाराष्ट्रात कोणती झाडे केव्हा आणली गेली याचा तो एक पुरावाच आहे.

या संग्रहातील चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच नोंदले गेले आहे. त्याचे नाव कागदोपत्री उरलेले नाही. वनस्पतीला दोन शब्दांचे लॅटिन नाव मिळाले, ते देणाऱ्याचे नाव मागे जोडले गेले, उद्यानाच्या अधीक्षकाची नोंद झाली. पण ज्याच्या हाताने ती वनस्पती कागदावर उतरली तो निनावी राहिला. वसाहतकालीन ज्ञाननिर्मितीतील श्रेयवाटपाचे हे चित्र बोलके आहे. पुढे दीड शतकाने, १९९८ मध्ये भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील ग्रिमेट व इन्स्किप यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा गोव्याचे चित्रकार कार्ल डिसिल्वा यांचे नाव इतर चित्रकारांच्या बरोबरीने छापले गेले. या दोन टप्प्यांमधील अंतर हेच चित्रकाराच्या दर्जातील बदलाचे माप होय.

नमुन्याच्या चित्राला केवळ कंपनीचाच आश्रय होता असे नव्हे. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनीही वनस्पती व प्राणी यांची चित्रे करवून घेतली. मात्र तेथेही रीत तीच होती. एक प्राणी, एक कागद.

२. शिकारीच्या तळावरील चित्र :
दुसरा प्रवाह मध्य प्रांतातील इंग्रज अधिकाऱ्यांचा. नागझिऱ्याच्या उत्तरेस, जेथे वैनगंगा उगम पावते त्या सिवनी जिल्ह्यात रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल हे अधिकारी होते. सातपुड्यातील तळावरील जीवनाचे वर्णन करणारा त्यांचा 'सिवनी' हा ग्रंथ १८७७ मध्ये आणि भारत व श्रीलंका येथील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ते स्वतः चित्रे काढीत. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली, तेव्हा संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्यकीय व्यावसायिकही होते. संस्थेचे नियतकालिक १८८६ मध्ये सुरू झाले, त्याच्या पहिल्या संपादकांमध्ये स्टर्नडेल होते.

या प्रवाहात प्राणी प्रथमच त्याच्या परिसरासह दिसू लागला. वनस्पतिचित्रातील पांढरा कागद जाऊन मागे गवत, खडक, बांबूचे बेट आले. परंतु पाहणाऱ्याची जागा मचाणावर होती. प्राणी उठतो, वळतो, झेप घेतो अशा क्षणांना येथे महत्त्व आले, कारण नेम धरण्याचा क्षणही तोच होता. शिकारीचे रान हे प्राण्यामागचा पडदा म्हणून येते. ज्या दिवशी प्राणी दिसला नाही त्या दिवसाचे चित्र सहसा काढले जात नसे. याच काळात सरकारी जंगलाचे शिकारीसाठी 'ब्लॉक' पाडण्याची व्यवस्था रूढ झाली. रान नकाशावर विभागले गेले आणि त्याकडे पाहण्याचा अधिकारही परवान्याने ठरू लागला. जंगलालगतच्या गोंड व अन्य रहिवाशांना हे रान पिढ्यान्‌पिढ्या ज्ञात होते. त्यांचे ज्ञान वाटाड्या व हाकेवाल्याच्या रूपाने वापरले गेले, पण चित्रांच्या श्रेयनामावलीत त्याला स्थान मिळाले नाही.

३. देखाव्याचे चित्र :
तिसरा प्रवाह कलाशिक्षणाचा. मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली आणि १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. प्रदर्शन, पारितोषिक आणि खरेदीदार अशी साखळी तयार झाल्यावर पारदर्शक जलरंगातील निसर्गचित्राला प्रतिष्ठा आली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन १९३१) यांनी कोटितीर्थ व पंचगंगेच्या परिसरात केलेले काम, महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांचे विपुल चित्रण आणि सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांचे जलरंगावरील प्रभुत्व ही या परंपरेची ठळक शिखरे आहेत.

या चित्रकारांनी प्रथमच स्थळाला विषय केले. सकाळचे धुके, पाण्यातील प्रतिबिंब, ओल्या वाटेवरचा उजेड यांसाठी जलरंग अत्यंत अनुकूल ठरला. परंतु या देखाव्याचा भूगोल मर्यादित होता. कलाशाळा मुंबईत, आश्रयदाती संस्थाने प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रात आणि प्रवासाची सोय लोहमार्गाने बांधलेली. त्यामुळे सह्याद्री, कोकण, कृष्णा-पंचगंगेचे घाट हे 'महाराष्ट्राचा निसर्ग' म्हणून मनावर ठसले. पूर्व विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता. राजकीयदृष्ट्या तो १९५६ पर्यंत मुंबईशी जोडलेलाही नव्हता. शिवाय देखाव्याच्या रचनेला पुढे झाड, मध्ये पाणी आणि दूर डोंगर अशी खोली लागते. सपाट भूमीवरचे, एकसारख्या खोडांचे, धुळकट रान या चौकटीत सहज बसत नाही. त्यात पाहण्यासारखे काही नाही ही समजूत चित्रकलेच्या संकेतांतून तयार झाली. रानाच्या दारिद्र्यातून नव्हे.

४. बंदुकीविना मुक्काम : माडगूळकर आणि नागझिरा :
अभयारण्याची घोषणा १९७० मध्ये झाली आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. या दोन घटनांचा विचार सहसा प्राण्यांच्या संदर्भात केला जातो. चित्रणाच्या इतिहासातही त्यांचे महत्त्व आहे. परवाना, बंदूक किंवा कुऱ्हाड हाती नसताना केवळ पाहण्यासाठी रानात राहणे ही गोष्ट आता व्यवस्थेत बसू लागली. शिकारीसाठीचा तळ जाऊन निरीक्षणासाठीचा मुक्काम आला.

व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांचे 'नागझिरा' हे पुस्तक या बदलाचे मराठीतील ठळक फलित होय. माडगूळकरांचा जन्म औंध संस्थानातील माडगूळ गावचा. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार व कलासंग्राहक होते. माणदेश हा अवर्षणाचा, खुरट्या झाडोऱ्याचा प्रदेश. लेखक म्हणून प्रसिद्ध होण्यापूर्वीपासून माडगूळकरांना चित्रकलेची ओढ होती आणि तरुणपणी त्यांनी शिकारही केली होती. त्यामुळे या निबंधातील तिन्ही प्रवाह त्यांच्या व्यक्तिमत्त्वात एकत्र आलेले दिसतात : निरीक्षकाची अचूकता, शिकाऱ्याचे कान आणि चित्रकाराचा डोळा. माणदेशाच्या ओसाड माळावर ज्याची दृष्टी घडली त्याला उन्हाळ्यातील नागझिरा उजाड वाटण्याचे कारण नव्हते.

त्यांच्या या पुस्तकात त्यांची स्वतःची रेखाटने आहेत. ती जलरंगातील नाहीत, रेषेतील आहेत, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. मराठी ग्रंथव्यवहारात रंगीत छपाई त्या काळी महाग होती, हे त्यामागील एक व्यावहारिक कारण मानता येईल. परंतु रेषेची निवड विषयालाही धरून आहे. पाने झडलेले रान हे मुळातच रेषेचे रान असते. फांद्यांचे जाळे, सांबराची शिंगे, बांबूच्या पेरांची मोडणी यांत रंगापेक्षा रेषा आधी दिसते. महत्त्वाचे असे की या रेखाटनांत प्राणी नमुना म्हणून येत नाही आणि लक्ष्य म्हणूनही येत नाही. तो बसलेला, चरणारा, पाणी पिणारा, म्हणजे आपल्या दिनक्रमात असलेला दिसतो. वानरांच्या टोळीजीवनावरील त्यांची 'सत्तांतर' ही कादंबरीही अशाच दीर्घ निरीक्षणाच्या वृत्तीतून आलेली आहे. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

याच परिसरात नवेगावबांध येथे वनाधिकारी म्हणून काम केलेले मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी रानातील लोकांकडून वृक्ष, पक्षी व प्राणी यांची स्थानिक नावे गोळा केली. चित्रकारासाठी हे काम परके नाही. ज्या झाडाला नाव नसते ते चित्रातही 'एक झाड' एवढेच राहते. नाव कळले की त्याची साल, फांदीची वळणे आणि पानगळीची वेळ वेगळी दिसू लागते.

५. कोरड्या रानाचे जलरंग :
रेषेने जे साधले त्यापुढे जाऊन जलरंगाने काय साधता येते, हा प्रश्न तंत्राचा असला तरी त्याची उत्तरे रानातच आहेत. जलरंगाच्या वडीत रंगद्रव्य धरून ठेवणारा पदार्थ डिंक असतो. त्यासाठी वापरला जाणारा उत्तम डिंक आफ्रिकेतील वाळवंटाच्या कडेला वाढणाऱ्या बाभळीच्या जातीपासून मिळतो. कोरड्या हवेत तग धरणारे वृक्षच असा डिंक स्रवतात. नागझिऱ्याच्या रानातील धावडा आणि कुलू हेही डिंक देणारे वृक्ष असून धावड्याचा डिंक कापडावरील छपाईच्या रंगांत वापरला गेला आहे. पळसाच्या फुलांचा पिवळा-केशरी रंग तर घरोघरी परिचित आहे. ज्या कोरड्या प्रदेशाला देखाव्याच्या चित्रकारांनी दूर ठेवले, त्याच प्रकारच्या प्रदेशातील झाडांच्या स्रावावर त्यांचे माध्यम उभे होते.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. कागद कोरा सोडून उजेड दाखवतात. कुलूचे फिकट, जवळजवळ पांढरे खोड रंगवायचे तर खोड रंगवायचे नसते, त्यामागचे रान रंगवायचे असते. दाट तपकिरी पार्श्वभूमीत कोरी सोडलेली जागाच खोड बनते. ऐनाची भेगाळलेली, सुसरीच्या पाठीसारखी साल कोरड्या कुंचल्याने कागदाच्या खरबरीतपणावर ओढली असता आपोआप उमटते. येथे माध्यम आणि विषय एकमेकांना पूरक ठरतात.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. कोकणातील ओलसर हवेत रंगाचा ओघळ बराच वेळ ओला राहतो व एक छटा दुसरीत मिसळवता येते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ओघळ लावता लावता वाळतो आणि त्याच्या कडा कठीण होतात. कोकणात शिकलेली ओल्यावर ओले रंगवण्याची रीत येथे पहाटेच्या अल्पकाळातच चालते. दिवसा छोट्या कागदावर, थोड्या व ठाम फटकाऱ्यांत काम उरकावे लागते. परिणामी चित्राची भाषाच बदलते. मऊ संधिप्रकाशाऐवजी उजेड व सावलीची धारदार मांडणी येते. माघ-फाल्गुनात फुललेला पळस आणि त्यानंतर कुसुमाची तांबडी कोवळी पालवी हे हिरव्याच्या आधी येणारे रंग येथील ऋतुचक्र सांगतात. सह्याद्रीच्या चित्रांवरून शिकलेली 'निसर्ग म्हणजे हिरवा' ही सवय येथे मोडावी लागते.

६. पुरावा म्हणून चित्र :
छायाचित्रण सर्वत्र झाल्यावर अशा चित्रांची गरज काय, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. छायाचित्र एका क्षणाची नोंद करते आणि ती नोंद म्हणून अधिक विश्वासार्ह आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला क्षणाइतकीच निवडही महत्त्वाची असते. तासभर बसून काढलेल्या चित्रात चित्रकाराने काय ठेवले व काय गाळले, यावरून त्या काळाला रानात काय दिसत होते हे कळते. रॉक्सबर्ग यांच्या चित्रातील मोह हा फुलाचा व फळाचा नमुना आहे. मोह ज्यांचे अन्न आहे, त्या माणसांचा त्यात मागमूस नाही. स्टर्नडेल यांच्या रानात प्राणी आहे, पण शांतता नाही. देखाव्याच्या चित्रात स्थळ आहे, पण हा प्रदेश नाही. गाळलेल्या गोष्टी अशा एकाखाली एक मांडल्या की वसाहतकाळापासून या रानाचे मोल कसे ठरवले गेले त्याची रूपरेषा मिळते.

आज नागझिऱ्याचे चित्रण प्रामुख्याने वाहनातून आणि वाघाच्या अपेक्षेने होते. शिकारीच्या तळावरील दृष्टी बंदूक जाऊन कॅमेरा आल्यावरही काही अंशी टिकून आहे. ज्या फेरीत वाघ दिसत नाही ती वाया गेली असे मानले जाते. चित्रवही घेऊन एका जागी बसण्याची रीत या सवयीला उत्तर देऊ शकते, कारण तिला वाघाची वाट पाहावी लागत नाही.

निष्कर्ष :
१. नागझिऱ्यासारख्या कोरड्या रानातील वृक्षांचे चित्रण १७९५ पर्यंत मागे नेता येते. परंतु ते नमुन्याचे चित्रण असून त्यात रान हे स्थळ म्हणून अनुपस्थित आहे.
२. नमुना, शिकार आणि देखावा या तिन्ही प्रवाहांनी आपापल्या प्रयोजनापुरतेच रान पाहिले. चित्रकार व स्थानिक जाणकार यांचे श्रेय बहुतांशी नोंदले गेले नाही.
३. १९७० नंतर मिळालेल्या संरक्षणामुळे निरपेक्ष निरीक्षणासाठी मुक्काम शक्य झाला आणि माडगूळकरांच्या लेखन-रेखाटनांत नागझिरा स्वतः विषय झाला. संरक्षणाच्या कायद्याने प्राण्यांबरोबर पाहण्याच्या एका रीतीलाही जागा दिली.
४. कोरड्या रानाचे चित्रण जलरंगाला प्रतिकूल नाही. त्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात घडलेल्या संकेतांपासून वेगळी चित्रभाषा आवश्यक आहे.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. दापोडीचा चित्रकार निनावी राहिला तो चित्रे नष्ट झाल्यामुळे नव्हे. चित्रे जपली गेली, नाव जपले गेले नाही. गोंदिया-भंडारा परिसरातील चित्रकला शिक्षक, वनकर्मचारी आणि हौशी चित्रकार यांच्या वह्यांबाबत तसे होऊ नये. महाविद्यालयांच्या इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन अशा चित्रांची नोंद करावी आणि प्रत्येक चित्रामागे चार गोष्टी लिहून घ्याव्यात : स्थळ, दिनांक, झाडाचे वा प्राण्याचे स्थानिक नाव आणि चित्र काढणाऱ्याचे नाव. पुढील पिढीच्या अभ्यासकाला रानाचा इतिहास लिहिताना या चार ओळी चित्राइतक्याच उपयोगी पडतील.